चीता चौथऱ्यावर चढवण्याआधी

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, यांस

सविनय नमस्कार.

हवाई दलाची चीता हेलिकॉप्टरं आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. त्यांपैकी ११४ हेलिकॉप्टर युनिटचं किमान एक हेलिकॉप्टर, त्याच्या सगळ्या कागदपत्रांसकट, उघड्यावर चौथऱ्यावर शोभेला न मांडता छताखाली जतन व्हावं, ही आमची मागणी आहे. निवड आत्ताच करावी. सुटे भाग काढून घेतल्यावर नुसता सांगाडा हाती येतो.

१९६४ साली उभं राहिलेलं हे युनिट 'सियाचिन पायोनियर्स' म्हणून ओळखलं जातं. १३ एप्रिल १९८४ ला कुमाऊँ रेजिमेंटचे जवान सियाचिनजवळच्या 'बिलाफोंड ला' या खिंडीपाशी चीतांमधूनच उतरले. इतक्या उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पात्यांची उचल दोन्ही घटतात, त्यामुळे एका फेरीत मोजकंच वजन जातं आणि फेऱ्या वाढतात. हा पराक्रम हेलिकॉप्टरकडे नुसतं पाहून कळत नाही. तो लॉगबुकात, म्हणजे हेलिकॉप्टरच्या नोंदवहीत असतो: उड्डाणाचे तास, बदललेलं इंजिन, बदललेली पाती. कागद हरवले की उरतो तो फक्त धातू.

आणि तो धातूही उघड्यावर टिकत नाही. चीताचा शेपटीकडचा भाग म्हणजे पोलादी नळ्यांची उघडी जाळी. चौथऱ्यावर पक्कं बसवण्यासाठी या नळ्यांना वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं, की पाणी आत शिरतं आणि नळी आतून गंजते. बाहेरचा रंग मात्र ताजा दिसत राहतो. मॅग्नेशियमचा मिश्रधातू पोलादी बोल्टजवळ ओलाव्यात सर्वांत आधी पांढरा पडून भुगा होतो. निचऱ्याची छिद्रं रंगाने बुजतात. पुढचा पारदर्शक घुमट उन्हाने तडकतो. पाती मोकळी सोडली तर वाऱ्याने आपटून त्यांच्या मुळाशी ताण येतो.

म्हणून आधी इंधन, गिअरबॉक्सचं तेल आणि हायड्रॉलिक द्रव काढावा, बॅटरी आणि स्फोटक काडतुसं असल्यास तीही उतरवावीत, मग आतून गंजरोधक तेल फिरवावं. स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेले आडवे दांडे, लाकडी ठोकळ्यांवर टेकवावेत. रंगकाम सर्वांत शेवटी, तेही मूळ रंग, क्रमांक आणि युनिटचं चिन्ह यांची छायाचित्रं मापांसह घेतल्यावरच. नवा चकचकीत थर देऊन साच्याने रंगवलेली जुनी अक्षरं पुसणं हे नुकसानच आहे.

कागदांबाबत आपल्याच मंत्रालयाचं २०२१ चं धोरण आहे: युद्ध दैनंदिनी आणि ऑपरेशन रेकॉर्ड बुकं इतिहास विभागाकडे द्यायची, सर्वसाधारणपणे २५ वर्षांत ती खुली करायची. १९७१ च्या युद्धात मेघना नदी ओलांडून सैन्य नेणाऱ्या एमआय-४ हेलिकॉप्टरांच्या युनिटांच्या नोंदींनाही हाच नियम लावावा. आणि चीता ताफ्यातून वगळण्याच्या आदेशातच लॉगबुकं कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत सोपवायची, हे लिहिलेलं असावं.

आपले,
हेलिकॉप्टर देखभाल आणि जतनाचं काम जाणणारे तंत्रज्ञ