नाक जागेवर आहे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडते आणि बाबा मध्येच फोन ठेवतात, म्हणून सविस्तर लिहितेय. नाक जागेवर आहे. हाड मोडलं होतं, ते बसवलं, वरची पट्टीही निघाली. वास येतो, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत. डोळ्यांखाली जरा पिवळट दिसतं, तेही उतरतंय.

इथं जपानात, कारखान्यात एका मशीनचा गंजलेला बोल्ट सोडवत होते. पाना सटकला आणि थेट तोंडावर आला. हेल्मेट होतं, गॉगल होता, हातमोजे होते. या सगळ्यात नाक तेवढं उघडं राहतं!

आई, ‘लगेच का नाही बसवलं, परकी पोर म्हणून हयगय केली’ असं तू म्हणालीस. तसं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आत दिवा घालून मधल्या पडद्यात रक्त साठलंय का ते बघितलं. साठलं असतं तर लगेच काढावं लागतं, नाहीतर पडदा सडून नाक खाली बसतं. हाडाचं मात्र सूज उतरल्यावरच करतात, कारण सुजेत नाक वाकडं आहे की सरळ तेच कळत नाही. फक्त दोन आठवड्यांच्या आत करायचं, नंतर हाड तसंच जुळतं. आणि आई, रक्त येत असताना डोकं मागे टाकायचं नसतं. मला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायला लावला. मागे टाकलं की सगळं घशात उतरतं.

बाबा, ‘तिथं सेफ्टी-बिफ्टी काही नाही का’ असं तुम्ही विचारलंत. आता हे नीट वाचा, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी डोक्यावर आपटली. इथं काम सुरू करण्याआधी वस्तूकडे बोट दाखवून ओरडायचं असतं. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. हात सरळ ताठ, तर्जनी वॉल्व्हवर, ‘वॉल्व्ह बंद, योशी!’ योशी म्हणजे ठीक. मग स्विचकडे बोट, ‘करंट बंद, योशी!’ रोज सकाळी सगळी टोळी गोल उभी राहून ‘झीरो साई दे इको, योशी!’ म्हणते, म्हणजे एकही अपघात न होता काम करूया. आगगाडीचे ड्रायव्हरसुद्धा एकटेच केबिनमध्ये सिग्नलला बोट दाखवून बोलतात. मूळ पद्धत रेल्वेचीच. त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेनं 1994 मध्ये मोजून बघितलं: शंभर वेळा काम करताना नुसतं बघून 2.38 चुका होतात, बोट दाखवून बोललं तर 0.38. आधी मला हसू दाबता येत नव्हतं. आता खोलीवरून निघताना मीच ‘गॅस बंद, योशी!’ म्हणते.

नाक फुटल्यावर मीटिंग झाली. कुणी रागावलं नाही, पण ‘का’ विचारून जीव खाल्ला. पाना का सटकला? नट झिजला होता. तोंड पान्याच्या रेषेत का होतं? जागा अडचणीची होती. शेवटी त्या मशीनवर रिंग पानाच वापरायचा असं ठरलं आणि भिंतीवर चित्र लागलं. चित्रातल्या बाईला वेणी आहे आणि नाकावर लाल फुली आहे. आता सगळा कारखाना मला ओळखतो.

बाबा, तुमच्या डोळ्यात लेथवर लोखंडाचा कण गेला होता, तो तुम्ही रुमालाच्या टोकानं काढलात आणि शिफ्ट पुरी केलीत. घरी आम्हाला चार दिवसांनी कळलं. म्हणून मी नाक लपवायला मास्क लावून व्हिडिओ कॉल केला आणि सर्दी झालीय म्हणाले, यावर तुम्ही तरी बोलू नका. इथं सर्दी झाली तरी सगळे मास्क लावतात. त्या दिवशी आईनं पुरणपोळ्या दाखवल्या, तेव्हा मात्र सांगून टाकावंसं वाटलं होतं.

पैशांचं: उपचाराचा एक येनही माझा गेला नाही. कामावरच्या दुखापतीचा विमा वेगळा असतो. सुट्टीच्या चौथ्या दिवसापासून पगाराचे साठ टक्के आणि वर वीस टक्के मिळतात, म्हणून या महिन्यात थोडे कमी येतील. पतसंस्थेचा हप्ता चुकणार नाही. दादाच्या स्लॅबचे मात्र दिवाळीनंतर देते, त्याला राग येऊ देऊ नका.

राहिलं साताऱ्याचं स्थळ. आई, ‘मुलीच्या जातीला चेहऱ्यावर खूण म्हणजे कसं व्हायचं’ असं तू म्हणालीस. इथंसुद्धा कामावर चेहरा फार विद्रूप झाला तर बाईला दरवर्षी 131 दिवसांच्या मजुरीइतकी पेन्शन आणि पुरुषाला एकदाच 156 दिवसांची रक्कम, असा नियम होता. म्हणजे सरकारचं मत तुझ्यासारखंच! चेहरा भाजलेला एक माणूस कोर्टात गेला, क्योतोच्या कोर्टानं 2010 मध्ये हा भेद घटनेविरुद्ध ठरवला आणि पुढच्या वर्षी नियम बदलला. माझी खूण तर त्या हिशेबातच बसत नाही. तिथं व्रणाची रेघ निदान 3 सेंटिमीटरची लागते. तेव्हा जुना फोटो पाठवू नकोस. पिवळेपणा गेला की नवा काढून पाठवते, आणि पाना लागला होता हे त्यांना आधीच सांगून टाक. नाही जमलं तर नाही जमलं, तू मावशीपुढे रडू नकोस.

बाबांनी बीपीची गोळी रोज घ्यावी. आजीला माझी सर्दी बरी झाली एवढंच सांगा.

तुमची,
मनू