पडवीतला उजेड

पुणे,
१८ एप्रिल

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

फोटो पाहिले. आजी ओळखू आली ती नथीवरून! डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या. कॅमेऱ्याला बोल लावू नकोस, दुपारी बाराचं ऊन आहे ते. मालवणात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आताही फार लांब नाही. कपाळ चकाकतं आणि भुवयांची सावली डोळे गिळते.

मग तिला आंब्याखाली बसवलंस. ते मीही केलंय, चुलतबहिणीच्या केळवणात. गालावर उन्हाचे कवडसे, उरलेला चेहरा पानांमुळे हिरवट. ती अजून म्हणते, "त्या दिवशी मला कावीळ झाली होती."

सगळे संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचं कौतुक करतात. असतो छान, पण तेव्हा आजीची दिवाबत्तीची घाई, आणि बघता बघता तो संपतो. घराला पडवी असताना त्याच्यामागे कशाला धावायचं?

पडवीत, सावलीच्या कडेपासून हातभर आत तिला बसव, तोंड अंगणातल्या खळ्याकडे. वरचं ऊन कौलं अडवतात, समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. सारवलेलं खळं उजेड पिऊन टाकतं, म्हणून पुढ्यात उन्हात एक पांढरं धोतर पसर, फोटोत येणार नाही असं. हनुवटीखालचा काळोख जातो. जांभ्याच्या उघड्या भिंतीला मात्र खेटू नकोस, गालावर तांबूस झाक येते. मागे माजघराचं अंधारं दार घे, पांढरे केस काय उठून दिसतील! फक्त मोबाइल त्या अंधाराला भुलतो आणि चेहरा पांढराफटक करतो. तेव्हा स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेड जरा खाली ओढ. सावलीत रंग निळसर येतात, तेही नंतर थोडे उबदार करून घे.

तिला उठबस करायला लावण्याआधी स्वतःची मूठ समोर धरून जागच्या जागी गोल फिर. बोटांच्या पेरांवरची सावली जिथे मऊ होते, तिकडे तिचं तोंड. बुबुळात उजेडाचा ठिपका चमकला की दाब बटण.

हातात कोकमाचे रातांबे दे फोडायला, म्हणजे ती कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसणार नाही. आणि धोतर आजोबांचं नवं घेऊ नकोस, रातांब्याचा डाग निघत नाही.

फोटो पाठव. सोलंही पाठव.

तुझा,
नंदू