ठरवण्याआधी घरी ये

सदाशिव पेठ, पुणे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, वेदान्ताचा वर्ग संपला तरी पुढे ऋषिकेशलाच राहावंसं वाटतंय, आणि तुझ्या खोलीतल्या मुलाने ब्रह्मचर्यदीक्षा घेतली, म्हणजे संन्यासाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल टाकलं. बाबांनी पुढे काही विचारलं नाही. रात्री बराच वेळ गॅलरीत बसून होते. तुम्हाला फोन आठवड्यातून एकदाच मिळतो, म्हणून लिहितेय. गंगेवरचा वारा सोसत नसेल तर कानटोपी घालत जा, निळी पिशवीच्या तळाशी आहे.

तू गेलास याचं मला दुःख नाही, हे आधी सांगते. हिंजवडीहून रात्री अकराला यायचास, गार आमटी-भात उभ्याउभ्या संपवायचास आणि विचारायचास, "आई, हे सगळं कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गीतेच्या वर्गात बायका हा प्रश्न साठीनंतर विचारतात, तू एकोणतिसाव्या वर्षी विचारलास. तू म्हटलेले मुंडक उपनिषदाचे मंत्र मी जोशीकाकूंना ऐकवले. स्वर किती स्वच्छ लागलेत! काकू म्हणाल्या, पुन्हा लाव.

पण दीक्षेचं इतक्यात ठरवू नकोस.

आजी तुला पंधरावा अध्याय शिकवत होती ते आठवतं? रोज पानावर बसायच्या आधी दोन श्लोक. 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्' म्हणजे मुळं वर आणि फांद्या खाली, असं तिने सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरापाशी तू पिंपळाकडे पाठ करून वाकलास आणि पायांच्या मधून बघत बसलास. चेहरा लालबुंद, चड्डीला सगळी माती. "दिसलं, आजी, मुळं वर गेली!" आजीने तिथेच तुझी दृष्ट काढली. ती आज असती तर तिने तुला अडवलं नसतं, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच भीती वाटते.

आधी श्रवण, मग मनन म्हणजे त्यावर विचार, मग निदिध्यासन म्हणजे त्याचंच ध्यान, हा क्रम तूच मला समजावलास. तुझं अजून श्रवणच चाललंय ना? साधनचतुष्टयात, म्हणजे साधकाला लागणाऱ्या चार गोष्टींतही, विवेक पहिला, वैराग्य त्याच्यानंतर. नोकरीचा वीट येणं म्हणजे वैराग्य नव्हे रे. तू म्हणशील, 'यदहरेव विरजेत् तदहरेव प्रव्रजेत्', ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावं. श्रुतीच आहे ती, मी कोण नाही म्हणणार? पण तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य काय सांगतात तेही बघ. 'मातृदेवो भव' सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या जरा अलीकडे आहे, 'प्रजातन्तुं मा व्यवच्छेत्सीः'. वंशाचा धागा तोडू नकोस. आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने एवढं गीतारहस्य लिहिलं ते हेच सांगायला, की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, ते मरेपर्यंत करायचं. आजोबांची प्रत कपाटात आहे, पाठवू का? तिथे शांकरभाष्य शिकताय, त्यात ज्ञान झाल्यावर कर्मसंन्यास सांगितलाय, तर समोरची बाजूही वाचायला हवी.

बघ, शिकवायलाच बसले. रागावू नकोस. लिहायला घेतलं तेव्हा फक्त खुशाली लिहीन असं मनाशी ठरवलं होतं. नानांचं जे झालं त्यानंतर या घरात हा विषय निघाला की बाबांचा हात थरथरतो. तू तेव्हा लहान होतास, पण तुला सगळं माहीत आहे.

कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर सुलूमावशीबरोबर आळंदीला जाऊन आले. समाधीचं दर्शन झालं, पण मी रेंगाळले ती सिद्धेश्वराजवळच्या सोन्याच्या पिंपळापाशी. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, तेव्हा रुक्मिणीबाई याच पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या, असं सांगतात. त्यांची संमती पंतांनी घेतली तीही म्हणे त्यांचं लक्ष नसताना. पुढे पंतांचे गुरू आळंदीला आले, नमस्कार करणाऱ्या बाईंना 'पुत्रवती भव' म्हणाले, खरा प्रकार कळल्यावर काशीला परतले आणि शिष्याला घरी पाठवलं. म्हणून निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. एक बाई पाराला हात लावून पुटपुटत फेऱ्या घालत होती. तिचं काय मागणं होतं कोण जाणे. मी तिच्या मागोमाग चालू लागले. सुलूने हाक मारली तेव्हा थांबले.

तुझं लग्न झालेलं नाही, कुणाला टाकून तू गेलेला नाहीस. तू सांगून, पाया पडून गेलास, बाबांनी स्वतः तुझी बॅग रिक्षात ठेवली. विठ्ठलपंतांची गोष्ट तुला लागू नाही, कळतं मला. तरी आई म्हणून एवढं मागते. शिक, हवं तितकं शिक, आणखी दोन वर्षं राहा. बाबांनी तुझ्या खात्यात पैसे भरलेत, ते परत पाठवू नकोस. पण दीक्षेचं मनात पक्कं होत आलं तर ते फोनवर सांगू नकोस. इथे ये, बाबांसमोर बस आणि बोल. ते काय म्हणतील ते पूर्ण ऐकून घे. मग मी अडवणार नाही. (अडवणार नाही असं आज तरी म्हणतेय.)

तुझ्या आचार्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग. आणि माझ्या वतीने त्यांना एक विचार. विठ्ठलपंतांना परत पाठवणाऱ्या गुरूंनी योग्य केलं की नाही? ते काय म्हणतात ते जसंच्या तसं मला कळव.

तुझी,
आई