डायलॉग सगळ्यांना पाठ, लिहिणाऱ्याचं नाव मात्र गायब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'अशी ही बनवाबनवी' या पिक्चरवर पानभर मजकूर आला होता, वाचून मजा आली, फोटोही झकास होते. अशोक सराफ, लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे), सचिन, सुधीर जोशी, अश्विनी भावेंची ती लिंबू कलरची साडी, सगळं आलं, फक्त हे सगळं लिहिलं कोणी ते पानभरात एकदाही आलं नाही. वसंत सबनीस. एवढी दोन शब्दांची जागा नव्हती का हो?

बरं, हा माणूस एका पिक्चरपुरता असता तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो. सबनीस मूळचे आमच्या सोलापूरचे, जन्म १९२३ चा. सिनेमात येण्याआधी त्यांनी 'छपरी पलंगाचा वग' लिहिला, तो पुढे १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने स्टेजवर आला आणि त्यातल्या हवालदाराच्या कामाने दादा कोंडके महाराष्ट्रभर माहीत झाले. मग १९७१ चा 'सोंगाड्या', त्याचंही लेखन सबनीसांचंच. आता 'सोंगाड्या' म्हटलं की कोहिनूर थिएटरचा किस्सा निघतो, देव आनंदच्या पिक्चरसाठी थिएटर हवं म्हणून 'सोंगाड्या'ला नकार मिळत होता, मग बाळासाहेब ठाकरे मधे पडले वगैरे, तो किस्सा सांगणाऱ्यांपैकी किती जणांना लेखकाचं नाव माहीत असतं ते विचारून बघा एकदा. म्हणजे बघा, दादांचं युग जिथून सुरू झालं तिथे हाच माणूस, आणि १९८८ ला अशोक-लक्ष्याचा जमाना ऐन भरात असताना त्यातला सगळ्यात गाजलेला पिक्चर, म्हणजे 'बनवाबनवी', तोही ह्याचाच. एक अस्सल गावरान, दुसरा पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या पोरांचा. दोन्हीकडे सारख्याच सहजतेने चालणारं पेन मला तरी दुसरं आठवत नाही.

कोणी म्हणेल बनवाबनवी मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय, त्यात काय एवढं. घेतलाय ना, कोण नाही म्हणतंय. पण तो १९६६ चा हिंदी पिक्चर आज किती जण बघतात आणि मराठी कितीदा बघतात? गोष्ट तीच, मग फरक कुठे पडला? लिखाणात पडला. ती घरमालकीण लीलाबाई काळभोरांसमोरची ओळख करून द्यायची वेळ आठवा, खोलीसाठी मित्राला साडी नेसवून बायको म्हणून उभं केलेलं, आणि धनंजय माने (अशोक सराफ) घाबरत घाबरत "हा माझा बायको" म्हणून जातो. तीन शब्द फक्त. खोटं बोलायला निघालेल्या माणसाच्या तोंडून खरं निसटतं, समोर म्हातारी उभी, हातची खोली जायची वेळ, आणि आपण हसतो तेव्हा पोटात थोडी भीतीही असते. सबनीसांच्या कॉमेडीचं इंजिन हेच. एक थाप, ती लपवायला दुसरी, दुसरी सांभाळायला तिसरी, आणि प्रत्येक थापेमागे कारण अगदी साधं, डोक्यावर छप्पर पाहिजे. 'गेला माधव कुणीकडे' नाटकातही तेच, तिथे दोन घरं सांभाळताना माधवची दमछाक होते आणि प्रशांत दामलेंनी त्यावर हाउसफुल्ल घेतले.

आता अभिनेत्यांचं टायमिंग होतं म्हणून जमलं असंही ऐकू येतं. होतंच, अशोकमामांच्या टायमिंगवर कोण शंका घेणार. दादा तर वगात रोज ताज्या बातमीवर काहीतरी नवीन घालायचे म्हणतात. पण घालायला जागा कोणीतरी ठेवलेली असावी लागते, आणि कितीही भरकटलं तरी गोष्ट परत रुळावर येईल असा वग आधी लिहिलेला असावा लागतो, ते काम नटाचं नाही. (आजकालच्या काही विनोदी पिक्चरमध्ये चांगले नट अडीच तास नुसती धावपळ करताना दिसतात ते उगाच नाही.)

सबनीस २००२ मध्ये गेले. २०२३ ला जन्मशताब्दी होती, माझ्या तरी कानावर काही मोठं आलं नाही. इकडे टीशर्टवर, कॉफी मगवर, व्हॉट्सॲपच्या स्टिकरवर त्यांची वाक्यं विकली जातायत, मतदानाची जाहिरात असो की ट्रॅफिकची, धनंजय माने कुठेही येतात, आणि खाली नाव कोणाचंच नाही.

माझी मागणी मोठी नाही. तुमच्याकडे शुक्रवारी पिक्चरचं परीक्षण येतं, त्यावर कलाकार-दिग्दर्शक अशी चौकट असते, त्यात लेखक ही एक ओळ कायमची वाढवा, मराठी हिंदी सगळ्या पिक्चरसाठी. आणि जुन्या पिक्चरवर लेख आला की तिथेही. पुढच्या रविवारी त्या बनवाबनवीच्या पानाची छोटीशी दुरुस्ती छापलीत तर फारच बरं, चार ओळी चालतील, नाव तेवढं ठळक टाइपात घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर