गादी, दुकान आणि गाठी

वडगाव, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर आई म्हणाली, एवढं तोंडी सांगून त्याच्या डोक्यात काही राहायचं नाही, लिहून पाठवा. म्हणून बसलो. तुझ्या दोन बातम्या, खोली बदलतोयस आणि मित्रांबरोबर दुकान काढतोयस. सोपी आधी घेतो.

गादी मोटारसायकलवर न्यायची तर त्या चिकटपट्टीचा नाद सोड. नायलॉनची दोरी गुळगुळीत, धक्के बसले की गाठ सरकते. सुती किंवा काथ्याची घे, पण पावसात नको. भिजली की ती आक्रसते आणि गाठ अशी बसते की विळाच लागतो. एक टोक कॅरियरला पक्कं बांध, दोरी गादीवरून पलीकडे टाक. मध्यावर दोरीला एक कडं कर. मोकळं टोक खालच्या दांड्याखालून काढून त्या कड्यातून घे आणि परत खाली ओढ. नुसत्या ओढण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ताण बसतो. खानापूरकडून पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेल्या गाड्या येतात बघ, असाच आवळलेला त्यांचा भारा रस्त्याच्या खड्ड्यांतही हलत नाही. शेवटी सुरगाठ मार, निरगाठ नको. उतरवताना तू दमलेला असणार आणि मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असणार.

तुझ्या आज्जीचा गोठ्यात एक दंडक होता. ओढली की आवळत जाते ती गाठ जनावराच्या गळ्यात मारायची नाही. बैल बिथरला तर आपल्याच जोरानं गुदमरतो. आणि खुंट्याला दावं असं बांधायचं की रात्री आग लागली तर अंधारात एका हिसक्यात सुटलं पाहिजे. बांधणारा एक असतो, सोडायला भलताच कोणीतरी येतो, असं ती म्हणायची.

आता दुकान. तिघांची मोट बांधलीस ते चांगलंच केलंस, एकट्यानं भाडं झेपलं नसतं. पण "आम्ही शाळेपासूनचे, आमच्यात लिहायचं काय" हे तुझं बोलणं मला पटलं नाही.

मी दिवसभर मागावर तुटलेले धागे जोडतो. ती गाठ बारीक आणि चपटी लागते, कारण ती फणीच्या दातांतून जायची असते. ओबडधोबड मारली तर फणीत अडकते आणि तुटताना शेजारचे धागेही घेऊन जाते. आईची इरकल काढून पदराचा जोड कधी नीट बघ. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे लांबीचे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा लावतात. दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडतात, टोपे तेनी म्हणतात त्याला. या जोडापायी दर साडीला ताणा नव्यानं लावावा लागतो. आमच्यासारखा एकदाच लांब ताणा चढवून साडीमागून साडी काढता येत नाही. तरुणपणी मला वाटायचं, एवढी कटकट कशाला? आता वाटतं, दोन तऱ्हेचे धागे जोडायचे तर जोडापाशी वेळ घालवावाच लागतो. तुम्ही तिघं तसेच आहात. एकाकडे पैसा, एकाकडे दुरुस्तीचा हात, तुझ्याकडे गिऱ्हाईक सांभाळायची जीभ.

भागीदारीचा कायदा 1932 चा आहे, वकिलाला विचारून घे. काहीच ठरवलं नसेल तर नफा-तोटा तिघांत सारखा, मग पैसे कोणी जास्त घातले असोत. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही लेखी नोटीस देऊन भागीदारी मोडू शकतो. आणि दुकानाच्या नावावर एकानं केलेली उधारी तिघांच्याही गळ्यात. देणेकरी नव्हे, घेणेकरी ठरवतो कोणाकडून वसूल करायचं ते. तुझा पगार तेवढा नियमित, म्हणजे तो तुलाच धरणार!

तेव्हा लिहा. कोण किती घालणार, महिन्याला कोणी किती उचलायचे, एकट्यानं किती रुपयांपर्यंत माल आणायचा. आणि एखाद्याला निघायचं झालं तर डिपॉझिट, हत्यारं, दुकानाचं नाव कोणाकडे राहणार, हे तर आधी लिहा. आत्ता चहा पिता पिता होईल. बिनसल्यावर बसलात तर एकेका स्क्रूड्रायव्हरवर रात्र जाईल.

तुला वाटेल, बाबा मुहूर्ताआधीच मोडायचं बोलतात. अरे, लग्नात शालू-उपरण्याची गाठ मारतात ती नंतर सोडतातच की. त्यानं कोणाचा संसार सुटलेला मी बघितला नाही.

मसुदा झाला की सह्या करायच्या आधी फोनवर पाठव. उद्घाटनाची तारीख लवकर कळव, मालकाकडे सुट्टी सांगून ठेवायला लागते. आईनं कुंदा आणून ठेवलाय, नव्या खोलीचा पत्ता आला की पार्सल करते.

तुझे,
बाबा