बियाण्यासाठी फिरते इलेक्ट्रॉन यंत्र हवे

महोदय,

सांवेरजवळच्या आमच्या शेतावर दर पेरणीला थोरले बंधू गव्हाच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळतात. हातमोजे घालूनही नखे लाल होतात. औषध लावलेले बी उरले, तर ना दळता येते, ना गुरांना घालता येते. जर्मनीत वाहनावरून नेता येणारी यंत्रे बुरशी मारण्याचे हेच काम औषधाऐवजी कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने करतात. दाण्याच्या सालीवरची बुरशी मरते, आतला अंकुर शाबूत राहतो, बियाण्यात किरणोत्सर्ग उरत नाही. आपल्या इंदूरचेच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र इलेक्ट्रॉन त्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणारी यंत्रे, बनवते. त्यांनी असे एक यंत्र रब्बीच्या आधी माळव्यातल्या गावांत फिरवावे, ही कळकळीची विनंती.

एक शेतकरी वाचक, इंदूर