सुट्या भागांची दुकाने टिकायला हवीत

महोदय,

ऑनलाइन खरेदीमुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना उतरती कळा लागली अशी चर्चा निघते, तेव्हा ती बहुधा टीव्ही-मोबाइलच्या शोरूमपुरतीच राहते. मला खरी काळजी वाटते ती पुण्यातील बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतील आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील, सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवण्यात माझे नोकरीचे सारे आयुष्य गेले आणि माझ्या विद्यार्थ्यांचे निम्मे शिक्षण या दुकानांच्या काउंटरवर झाले, असे मी जबाबदारीने म्हणतो.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचा टीव्ही बंद पडला. उघडून पाहिला तर पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला होता. बोर्ड घेऊन तापकीर गल्लीत गेलो. दुकानदारांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "मास्तर, सोळाचा परत टाकू नका, पंचवीस व्होल्टचा घ्या, आणि १०५ डिग्रीपर्यंत टिकणाराच घ्या, शेजारी तापणारी हीटसिंकची पट्टी आहे." मग त्यांनी खणातून एक नग काढला, मीटरवर तपासला आणि जागेत बसतो का, तेही बोर्डावर ठेवून पाहिले. एवढ्या कामाचे त्यांना मिळाले अवघे काही रुपये. संकेतस्थळावर तोच कपॅसिटर दहाच्या पाकिटात मिळतो, वर पाठवणीचा खर्च, आणि कोणता निवडायचा हे सांगायला कोणी नाही. मागे मी असाच एक ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे स्थिर पाच व्होल्ट देणारा भाग, मागवला होता, तो क्रमांक पुसून नव्याने छापलेला निघाला. पैसे परत मिळाले, पण मुलांचे प्रात्यक्षिक राहून गेले.

रुपया-दोन रुपयांच्या रेझिस्टरवर भर पेठेतल्या गाळ्याचे भाडे कधीच निघत नव्हते. ते निघे रिमोट, अडॅप्टर, स्पीकर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन यांच्या नफ्यातून, आणि त्या नफ्यावरच बारीक भागांचे शेकडो खण भरलेले राहत. नेमकी हीच गिऱ्हाइकी ऑनलाइन गेली. काही जण तर दुकानात येऊन वस्तू हाताळतात, माहिती विचारतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवतात. अलीकडच्या यंत्रांतील सूक्ष्म भागांमुळे हाताने होणारी दुरुस्तीही कमी झाली, हे खरेच आहे. पण जी आजही होऊ शकते, तीही आता खणच रिकामे झाल्यामुळे अडू लागली आहे.

आडगावच्या मेकॅनिकला घरपोच भाग मिळू लागले, हे ऑनलाइन व्यवस्थेचे मोठे उपकार आहेत आणि ते मी नाकारत नाही. दुकानदारांनीही स्वतःकडे पाहायला हवे. बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. तरीही 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अनेक दुकानांतून उतरलेली नाही. गिऱ्हाईक दुरावण्यात तिचाही वाटा आहे.

परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याला केवळ आपल्याच मंचावर विकण्याची सक्ती करू नये आणि किमतींवर प्रभाव टाकू नये, असे नियम केंद्राने १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केले. त्यांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी, ही पहिली मागणी. दुसरी मागणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. आपली वस्तू हव्या त्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेता यावी, या दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली होती. त्या दिशेने पुढे जाऊन उत्पादकांवर सुटे भाग आणि सर्किट डायग्राम स्वतंत्र मेकॅनिकला व दुकानदाराला वाजवी दरात उपलब्ध करून देण्याचे कायदेशीर बंधन घालावे. तसे झाले तर 'बोर्डच बदला' किंवा 'नवीनच घ्या' हे उत्तर ऐकून माघारी फिरणारा माणूस पुन्हा तापकीर गल्लीची वाट धरेल, आणि तिथल्या खणांत माल भरून ठेवणे दुकानदारालाही परवडेल.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे